काळ्या-पिवळ्याखालचा फिरोजी

दिवाळीच्या सुट्टीतला तिसरा की चौथा दिवस असेल. अस्रची नमाज पढून आम्ही घरी परतलो, तर मागच्या अंगणात नळाजवळ आमचे चिरंजीव उकिडवे बसलेले. हातांत रबरी मोजे, मुठीत जुना टूथब्रश, पुढ्यात पत्र्याचा डबा आणि डब्यात काळ्या-पिवळ्या पापुद्र्यांचा चिखल. मुलगा मोबाईल सोडून हाताने काही करतो आहे म्हणून आम्हाला बरे वाटले. कौतुकाने वाकून पाहिले आणि ते बरे वाटणे तिथेच संपले. ब्रशखाली अब्बांची टॅक्सी होती.

या सदरात आम्ही आजवर मुलांच्या अभ्यासाविषयी, उर्दू-मराठी वाचनाविषयी, परीक्षेच्या धास्तीविषयी लिहीत आलो. या महिन्यात धातूच्या छोट्या गाड्या रंगवण्याविषयी लिहितो आहोत, कारण गेले पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही.

टॅक्सी म्हणजे बोटभर लांबीची, ओतीव धातूची खेळण्यातली गाडी. अब्बांचे एक मामेभाऊ मुंबईच्या गोदीत कामाला होते. आम्ही पहिली-दुसरीत असताना ते ईदला कोपरगावला आले, तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली. कुणाच्या तरी घरून उतरलेली, रंग जागोजागी उडालेला. पण तिच्या टपावर सामानाचा एक तपकिरी ठोकळा होता. तो पाहून अब्बा म्हणाले, "ही तर मुंबईची टॅक्सी." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो, तेव्हा गाडी काळी झाली होती आणि टप पिवळा.

अब्बा पेंटर होते. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या गॅरेजांवर त्यांची सारी उमर गेली. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगायला रांगेत उभ्या राहत. ट्रकच्या कपाळावर ७८६, पाठीवर हॉर्न ओके प्लीज, फाळक्यावर कमळ नाहीतर मोर, सगळे त्यांच्या हातचे. त्यांचा इन्तेकाल होऊन नऊ वर्षे झाली. ते ट्रक केव्हाच भंगारात गेले. दुकानांच्या पाट्यांच्या जागी फ्लेक्स आले. घराच्या दाराला त्यांनी दिलेला रंग आम्हीच मागच्या लग्नकार्यात बदलून टाकला. हिशेब केला तर अब्बांच्या ब्रशचे काम म्हणून घरात एवढी एक टॅक्सी उरली होती.

म्हणून आम्ही ओरडलो. वीस वर्षे वर्गात कमावलेला आवाज शेजारच्या गच्चीपर्यंत गेला असावा, कारण तिथले कपडे वाळत घालणे थांबले. मुलगा उठून उभा राहिला. रडला नाही. एवढेच म्हणाला, "अब्बू, फुप्पीच्या मुलीच्या ओठाला पिवळा पापुद्रा चिकटला होता. पिवळ्या रंगात शिसं असतं, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितले होते खरे. कधी आणि कशासाठी, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुलगा नववीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने आपल्या जुन्या हॉट व्हील्सच्या गाड्या बाहेर काढल्या. शिर्डीच्या रस्त्यावरून, स्टँडवरच्या दुकानातून हट्ट करून घेतलेल्या, वीस-बावीस असतील. खेळायचे वय गेले होते, टाकवत नव्हत्या. त्याच्या मनात आले, यांना नवे रंग द्यावेत. आम्ही होकार दिला, कारण सुट्टी लांब होती. अम्मी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या की हा इस्राफ आहे. गाडी दीड-दोनशेची आणि स्प्रेचा एक डबा त्याहून महाग. हिशेब त्यांचा बरोबर होता. मग ठरले की नवी गाडी एकही घ्यायची नाही आणि रंग ईदीच्या पैशातून आणायचा.

रंगवण्याच्या या कामात रंगवणे सर्वांत कमी असते, हे आम्हाला तेव्हाच कळले. गाडी उलटी केली की तिच्या पोटाला दोन बारीक गोल टिकल्या दिसतात. वरच्या धातूच्या अंगाचे खुंट तळाच्या भोकांतून बाहेर काढून चपटे केलेले असतात, ते हे रिव्हेट. टोच्याने बरोबर मधोमध खूण करायची, मग तीन मिलिमीटरच्या ड्रिलने हळूहळू ती टिकली तेवढी उडवायची. घाई केली की खुंटच खाल्ला जातो आणि गाडी पुन्हा जोडता येत नाही. पहिल्या दोन गाड्या अशाच कामी आल्या. तळ निघाला की चाके, आतल्या खुर्च्या, काचेचा प्लॅस्टिकचा तुकडा असे सगळे सुटे होते. हे सुटे करणे टाळून चालत नाही, कारण रंग काढायचे रसायन प्लॅस्टिकला लागले तर काच पांढरट पडते नाहीतर विरघळते.

रंगाच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. ब्रशने जाडसर लावायचा आणि थांबायचे. पाच-दहा मिनिटांत रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो आणि धातू सोडतो. हे काम उघड्यावर, मोजे आणि चष्मा घालूनच करायचे. बंद खोलीत त्याची वाफ डोक्यात जाते. ओळखीच्या एका मिस्त्रींनी सल्ला दिला की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाका, फुकटात काम होईल. लोखंडाला ते चालते. या गाड्या लोखंडाच्या नसतात, जस्ताच्या असतात, आणि कॉस्टिक जस्तालाच खातो. बुडबुडे येत राहतात आणि सकाळी गाडीचे कंगोरे गेलेले असतात.

हा धातू समजून घेण्यासारखा आहे. जस्तात चार टक्क्यांच्या आसपास अल्युमिनियम, जोडीला थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून तो करतात. चारही धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरे घेऊन त्याला झामाक म्हणतात. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लोखंडाच्या मानाने फारच लवकर, म्हणून पोलादाच्या साच्यात दाबाने भरून लाखो गाड्या काढता येतात. मात्र त्यात शिशाची भेसळ झाली तर काही वर्षांनी धातू आतून तडकून भुसभुशीत होतो. संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाआधीची कितीतरी खेळणी अशी कपाटात बसल्या बसल्या चुरा झाली. आपल्या दख्खनला हा धातू परका नाही. बिदरी कामाच्या सुरया आणि हुक्के मुख्यतः जस्ताचेच. पण बिदरचे कारागीर त्यावर रंग चढवत बसत नाहीत. चांदी जडवून झाली की माती आणि नवसागर लावून धातूच काळा करतात. शहाणी माणसे. जस्तावर रंग धरणे कठीण, हे आम्हाला फार उशिरा समजले.

रंग धरावा म्हणून आधी धातू साबणाने धुवायचा, वाळवायचा आणि मग उघड्या बोटांनी शिवायचाही नाही, कारण बोटांचे तेल राहते. साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथे गाडीच्या अंगावर एक बारीक उभी रेघ असते, ती कानशीने घासून काढायची. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवायचा. पूर्वी दारात कल्हईवाले येत ते आठवा. कथील लावायला त्यांना घटका लागायची, बाकी सारा वेळ भांडे घासण्यात आणि तापवण्यात जाई. त्यानंतर धातूला घट्ट धरणारा खास प्रायमर. प्रायमरला अब्बा अस्तर म्हणत. शेरवानीच्या आतले अस्तर तेच हे. उर्दूत आणि मराठीत हा एकच शब्द कपड्यालाही आहे आणि भिंतीलाही, आणि वर्गात तो शिकवताना आम्ही नेहमी कपड्यावरच थांबत आलो. रंगाच्या थराला पेंटर लोक हात म्हणतात. अस्तराचा एक हात, रंगाचे दोन हात.

ऑगस्टमध्ये मुलाने पहिली पुरी गाडी रंगवली, निळी. वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ पातळ, सगळे नियम पाळून. बाहेर झड लागलेली. तासाभरात निळ्यावर पांढरी धुरकट झाक आली. दमट हवेत लॅकरचा रंग उडताना थंडावा करतो, त्या थंडाव्याने हवेतले पाणी रंगात उतरते, त्याची ती झाक. गाडी पुन्हा रिमूव्हरमध्ये गेली. अम्मी म्हणाल्या, "तुमच्या अब्बांनी श्रावणात कधी ट्रक रंगवला नाही, विचारायचं होतं मला." विचारले नव्हते.

शिशाची गोष्ट याच सुमाराची. एक दिवस मुलगा शेजाऱ्याकडून आणलेली जुनी पत्र्याची मोटार कोरड्या पॉलिश पेपरने घासत होता, तेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पिवळी धूळ उडत होती. आम्ही त्याला थांबवले आणि सांगितले ते असे. झगझगीत पिवळ्या आणि केशरी रंगासाठी लेड क्रोमेट नावाचे शिशाचे संयुग वर्षानुवर्षे वापरले जात होते. लहान मुलांच्या पोटात शिसे गेले तर ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते, हाडांत साठून राहते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आली. म्हणजे त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. जुना रंग कधीही कोरडा घासायचा नाही. ओला करून घासायचा, चिखल गोळा करायचा, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाकडे न्यायचा नाही. हे ऐकताना अम्मी दारात उभ्या होत्या. अब्बा कामावरून आले की त्या आधी घासलेटने, मग साबणाने त्यांचे हात धुवून घेत, कपडे बाहेरच बदलायला लावत आणि त्याशिवाय आम्हाला त्यांच्या मांडीवर बसू देत नसत. आम्ही लहानपणी याला अम्मीचा सोवळेपणा समजत होतो.

तर दिवाळीत आमची धाकटी बहीण माहेरी आली, सोबत तिची तीन वर्षांची मुलगी. काचेच्या कपाटातली टॅक्सी तिला दिसली, तिने मागितली, आणि अम्मींनी काढून दिली. दोन दिवस टॅक्सी तिच्या मुठीत होती, आणि मूठ अधूनमधून तोंडात. ओठावरचा पापुद्रा मुलाने पाहिला. त्याने तिचे तोंड धुतले, टॅक्सी लपवली आणि दुसऱ्या दिवशी, आम्हीच शिकवलेल्या पद्धतीने, रिव्हेट काढून, काच आणि सामानाचा ठोकळा वेगळा ठेवून, मोजे घालून काम सुरू केले. एकच गोष्ट त्याने केली नाही. विचारले नाही. आणि आम्हीही त्याला कधी सांगितले नव्हते की हा रंग कुणाच्या हातचा आहे. आमचा समज असा की घरात सगळ्यांना ठाऊकच असते.

टॅक्सी अर्धी उघडी पडली होती. डावी बाजू नागडी, राखाडी. उजवीकडे काळा अजून होता, टपावर पिवळ्याचा तुकडा होता. आणि सोललेल्या काठाशी, काळ्याच्या खाली, तिसराच एक रंग डोकावत होता. समुद्री हिरवा म्हणा, आम्ही उर्दूवाले त्याला फिरोजी म्हणू. मुलगा हळूच म्हणाला, "अब्बू, हा कंपनीचा रंग आहे. आणि बघा, मधे अस्तर नाही."

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच नव्हते. फिरोजीवर थेट काळा. म्हणूनच तो पापुद्रे धरत होता.

तळावर इंग्रजी अक्षरे ओतलेली होती. पन्नाशीकडे निघालो तरी ती आम्ही कधी नीट वाचली नव्हती. मॅचबॉक्स, क्रमांक ५६, फिएट १५००, लेस्नीने इंग्लंडमध्ये बनवलेली. लेस्नी ही लंडनची कंपनी, १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी काढलेली. आडनाव एक, नाते काही नाही. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून लेस्नी. पुढे जॅक ओडेल त्यांना मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने तिला काडेपेटीत मावणारा पितळेचा रोडरोलर करून दिला, वर्गातल्या बाकी मुलींनाही तो हवा झाला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. शाळेच्या एका मनाईतून केवढा कारखाना उभा राहिला! आम्ही मात्र दप्तरात सापडलेली गाडी जप्त करून टेबलाच्या खणात टाकतो आणि मार्चमध्ये परत देतो. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या, सुळकन धावणाऱ्या, आणि मॅचबॉक्सला घाम फुटला. १९८२ मध्ये लेस्नीचे दिवाळे निघाले. इंग्लंडच्याच डिंकी या नामांकित गाड्यांचे काही साचे त्याआधीच कलकत्त्याला आले होते. त्यांतून निघालेल्या गाड्या इथे निकी नावाने विकल्या जात.

फिएट १५०० ही गाडी मॅचबॉक्सने १९६५ मध्ये काढली, फिरोजी रंगात, टपावर तपकिरी सामान. एका भेटसंचात तीच लाल होती, ती आता दुर्मीळ. आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी याच घराण्यातली. फिएटच्या ११०० गाडीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघू लागली, पद्मिनी हे नाव पुढे १९७४ मध्ये मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या रंगात, टपावर कॅरियर बांधून ती मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अब्बांनी इंग्लंडच्या त्या खेळण्यात मुंबईची टॅक्सी पाहिली, त्यात नवल नव्हते.

आता काय करायचे, यावर त्या संध्याकाळी चहाच्या वेळी घरात चार मते पडली. आमचे मत, आहे तशी अर्धीमुर्धी थांबवा, काचेच्या डबीत ठेवा, अब्बांचा उरलेला रंग तरी राहील. बहीण म्हणाली, "फेकून द्या, माझी मुलगी महत्त्वाची की ती?" बोलून झाल्यावर तिचेच डोळे भरले. मुलाचे मत, पूर्ण सोलावी आणि फिरोजी करावी. संग्राहकांच्या जगात गाड्यांचे तीन दर्जे आहेत. कंपनीने रंगवलेली ती कोड एक, कंपनीच्या परवानगीने दुसऱ्याने रंगवलेली ती कोड दोन, आणि कुणाला न विचारता घरी रंगवलेली ती कोड तीन. तिला किंमत नाही. अब्बांची टॅक्सी कोड तीन ठरली, हे ऐकून आम्हाला पुन्हा राग आला, पण हसूही आले.

असलपणाचा हा हिशेब आम्हाला तसा पटत नाही. आपली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिल्यांदा निघाली, तेव्हा ती निळ्या आणि चंदेरी रंगात होती. लाल रंग मागाहून आला. आज कुणी लाल एसटीला सांगावे की तू असल नव्हेस! पण हा आमचा युक्तिवाद निम्मा रागातून होता, हे कबूल करायला हवे. डबीत ठेवण्याचा आग्रह धरताना आमच्या मनात भाची नव्हतीच, आम्हीच होतो.

चौथे मत अम्मींचे. त्या इतका वेळ गप्प होत्या. आम्ही त्यांना अस्तराचे सांगितले, की अब्बांसारख्या माणसाने, जो ट्रक तीन-तीन दिवस घासल्याशिवाय डबा उघडत नसे, त्याने अस्तराशिवाय रंग कसा मारला? अम्मी म्हणाल्या की त्या रात्री तुला ताप होता. मामूंनी दिलेली गाडी जुनी आहे, रंग गेलेला आहे, म्हणून तू रडत होतास. बाकीची मुले हसली होती. अब्बा कामावरून आले, जेवले, बाहेर कंदिलाशी बसले आणि गॅरेजवरून उरलेल्या रंगाच्या दोन डब्यांनी गाडी रंगवून चुलीच्या उबेला ठेवली. सकाळपर्यंत वाळायला हवी होती. अस्तर कधी मारणार? मग त्या म्हणाल्या, "खेलने कू रंगाये थे तेरे अब्बा. रखने कू नई."

आम्ही काही बोललो नाही. मगरिबची अजान झाली म्हणून उठता आले.

दुसऱ्या दिवशी बाकीचा रंग मुलाने आणि आम्ही मिळून काढला. आम्ही धरायचे, त्याने घासायचे. आजवर या कामात आम्ही फक्त सूचना देत होतो. काळा पटकन सुटला. अस्तर नसल्याने त्याने धरले तरी कशाला असते? पिवळ्याने जरा वेळ घेतला. फिरोजी शेवटी गेला. त्या गाडीच्या पोकळ अंगाच्या आतल्या बाजूला मात्र कंपनीच्या फवाऱ्याचा फिरोजी अजून आहे. तो बंदच राहणार, कुणाच्या बोटाला लागणार नाही, म्हणून तिथे ब्रश नेला नाही. निघालेला चिखल नळाखाली सोडला नाही. गावचे सांडपाणी शेवटी गोदावरीकडेच जाते. डब्यात वाळवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून तो माळ्यावर ठेवला आहे. त्यातून नखाएवढा एक पापुद्रा, एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने काळा, आम्ही चिमट्याने काढून अत्तराच्या रिकाम्या कुपीत घातला आणि बूच पक्के लावले. मुलाने पाहिले, विचारले नाही.

या वेळी अस्तर घातले. पांढरे. पिवळा रंग अंगचा दुबळा असतो, खालचे झाकत नाही. राखाडी अस्तरावर तो मळकट दिसतो, म्हणून पांढरे. आणि नेहमी आधी फिका, मग गडद. पिवळा टप आधी रंगवून पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर मास्किंग टेपची पट्टी नखाने दाबून बसवायची आणि मग अंगाला काळा. उलट केले तर काळ्यावर पिवळ्याचे चार हात मारूनही हिरवट झाक राहते. हवा कोरडी होती, ऑगस्टसारखी फसवणूक झाली नाही. रंगाचा डबा घेताना शिसेविरहित असे छापलेले पाहूनच घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, एवढ्याशा गाडीसाठी?" आम्ही हो म्हणालो.

पिवळ्याचा पहिला हात आम्ही द्यावा, असे मुलाने सुचवले. अब्बांचे पाट्या रंगवायचे खारीच्या केसांचे ब्रश अम्मींच्या पेटीत निघाले. दोन दगडासारखे झालेले, एक बरा. आम्ही ब्रश हातात घेतला आणि पेंटरचा मुलगा असूनही पहिल्याच फटक्यात टपाच्या कडेला ओघळ आणला. मुलाने तो थिनरच्या बोळ्याने पुसला आणि ब्रश काढून घेतला. "अब्बू, तुम्ही धरा," म्हणाला. पिवळा मग त्यानेच दिला, अब्बांच्या ब्रशने. काळा स्प्रेने. अब्बांच्या कामात ब्रशच्या बारीक रेघा होत्या, यात नाहीत. जवळून पाहिले तर टॅक्सी आता जरा जास्तच चकचकीत दिसते, एखाद्या लग्नाच्या गाडीसारखी.

रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू बसवणार आहोत. सामानाचा ठोकळा पक्का चिकटवायचा आहे, कारण भाचीची बोटे अशा गोष्टी उपटण्यात तरबेज आहेत. तो निघाला तर सरळ घशात जायचा. इनॅमलचा काळा हाताला कोरडा लागला तरी आतून नरम असतो, नखाचा ठसा उमटतो. आठवडाभर हात लावायचा नाही असे मुलाने सगळ्यांना बजावले आहे, आणि धूळ बसू नये म्हणून टॅक्सीवर स्टीलचे पातेले उपडे घातले आहे. बहिणीचे परतीचे तिकीट रविवारचे. आठवडा शनिवारी भरतो.

आम्ही हा मजकूर लिहितो आहोत ती बुधवारची रात्र. स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज झाला. अम्मींनी ते दोन बोटे उचलून आत पाहिले असावे, कारण आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला, "दादी, हात नक्को लगाओ, अभी गीला है."